उतिबेच्या मरणाचे कागद

सिनेमावाल्यांनी फोटो मागितला तेव्हा आरितने आपल्या लेकाचा, उतिबेचा, चांगल्यातला चांगला शोधून दिला. चर्चमध्ये गातानाचा, पांढऱ्या झग्यातला. टोळीयुद्धाच्या त्या सिनेमात उतिबे गुंडाचा उजवा हात होता आणि मध्यंतराआधीच गोळी खाऊन मरणार होता. मग कुणी गेल्यावर भिंतींवर चिकटवतात तसे छापील कागद हवेतच. "खरे वाटले पाहिजेत, मावशी," दिग्दर्शक म्हणाला. वाटले. नावसुद्धा उतिबेच, पात्राला वेगळं नाव द्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

मंडळी गाड्या भरून गेली. कागद राहिले. बाजारात, मोटारतळावर, नदीपलीकडेही. नदीपलीकडे इदाराचं घर होतं, आणि शनिवारी उतिबेसाठी तिला रीतसर मागणी घालायची ठरली होती.

आरित सुरी आणि बादली घेऊन निघाली. खळ कसाव्याच्या कंदाची, चिवट. कपाळ निघे, हसू तसंच राही.

"आरिते, लेकाचं तोंड असं खरवडतात का गं?" मासळीवालीने डोळ्याला पदर लावला.

"जिवंत आहे तो! घरी घोरतोय."

"असंच वाटतं सुरुवातीला. मलाही वाटायचं."

शुक्रवारी इदाराचे काका उदोफिया आले. उतिबेने वाकून नमस्कार केला. काका आरितशीच बोलले.

"दिसतंय मला, श्वास घेतोय. पण कागद वाचून आमच्या बायकांनी टाहो फोडला. पोरीने दोन दिवस अन्न टाकलं. आमच्या घरात याचं रडून झालंय, आरितबाई. रडून झालेल्या माणसाला जावई करत नाहीत आमच्यात."

"पोरीला विचारलंत?"

"विचारलं तर हो म्हणेल. म्हणून नाही विचारलं."

ते गेले. उतिबेने चपला घातल्या. "मीच जातो. तिला भेटतो."

"उद्या उजेडी जा," आरित म्हणाली. "अंधारात गेलास तर भूत म्हणून बडवतील."

सकाळी ती त्याच्याबरोबर नदीपर्यंत गेली. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. नावाड्याने त्याला नीट न्याहाळलं, मग नजर पाण्याकडे वळवली.

"जागा नाही. होडी भरली," तो म्हणाला, आणि वल्हं मारलं.

होडीत एक म्हातारी होती आणि तिची बकरी.