दुखतंय म्हणणाऱ्याने वजनं उचलायची

फ्रिजमध्ये छत्तीस अंडी होती. त्याखाली उकडलेल्या चिकनचे आठ डबे, बिनमिठाच्या भाताचे सहा आणि काकड्यांचा एक. फ्रिजच्या वर पावडरच्या दोन बरण्या आणि त्यांच्या मागे एक गोल पत्र्याचा डबा. हा डबा मुळात तिचा, बटणांचा. आता बटणं प्लॅस्टिकच्या पिशवीत गेली होती आणि डब्यात पाच छोट्या बाटल्या, सुयांचं पाकीट आणि गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या. या सगळ्यात तिचं म्हणावं असं एकच होतं: कालच्या भाजीची वाटी, वर बशी झाकलेली.

ती कपडे कमी-जास्त करून देणाऱ्या दुकानात मशीनवर बसायची. लोकांच्या कंबरा वाढायच्या, घटायच्या, त्यावर हिचं पोट चालायचं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. व्यायामशाळेत त्याला सगळे खांब म्हणत, आणि ते नाव त्याला चपखल बसलं होतं. लग्नात तो असा नव्हता. तेव्हाचा शर्ट तिने ठेवून दिला होता. त्याच्या बाहीत आता नवऱ्याचा दंड शिरलाच नसता.

जेवायला दोघं एकत्र बसत नसत. तो दर तीन तासांनी उभ्याउभ्या डब्यातून खायचा, औषध घ्यावं तसं. पूर्वी ती समोर बसून दुकानातल्या गमती सांगायची. तो म्हणायचा, "थांब, एवढं संपवू दे, मग बोलू." डबा संपायचा, तो डबा धुऊन उपडा घालायचा आणि निघून जायचा. मग तिने सांगणंच सोडलं. एकाच घरात दोन खाणावळी चालाव्यात तसा त्यांचा संसार चालला होता.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, पण तो जिन्यानेच चढायचा. "लिफ्टच्या पोटात काय काय असतं ते मला विचार," असं म्हणून पाहुण्यांना घाबरवायचा. गेल्या महिन्यापासून मात्र तो दुसऱ्या मजल्यावर थांबू लागला होता. लिफ्टच्या बटणांची पट्टी उघडायची, आतल्या वायरी बघायच्या, पट्टी बंद करायची.

"आजही वायर सैल का रे?" तिने एकदा विचारलं.

"हं."

तो तोंडाने श्वास घेत होता. तिच्या हातात भाजीची पिशवी होती. वायरी रोज सैल होत नाहीत एवढं तिला कळत होतं. पण दमलास का, असं खांबाला विचारायची सोय नव्हती.

मग एक उशी पुरेना, दोन झाल्या, दोनाच्या तीन. आडवं झालं की कोंडल्यासारखं होतं, म्हणायचा. मग जबडा दुखू लागला. दातांच्या डॉक्टरने सगळे दात ठोकून पाहिले आणि सांगितलं, या दातांनी दगड फोडा, काही होणार नाही. मग पित्ताच्या गोळ्या आल्या. प्रत्येक तक्रारीला एक कारण सापडत गेलं, आणि कारण सापडलं की तक्रार मिटली असं दोघांनीही धरून चाललं.

शरीरसौष्ठव स्पर्धेच्या तीन दिवस आधीची सकाळ. तो ओट्याशी उभा होता. हातातला डबा त्याने खाली ठेवला आणि छातीवर हात ठेवला.

"काय होतंय?"

"काही नाही गं. काल व्यायामात छाती मारली ना, भरून आलीये."

ती घरच्या शिलाई मशीनची बॉबिन भरत होती. तिचा हात थांबला.

"काल तू पाय मारलेस."

"छाती मारली."

"काल तुझ्या बुटांच्या नाड्या मी सोडल्या. तुला वाकता येत नव्हतं. पाय मारलेस की ते काम माझ्याकडे येतं."

"मग परवाची असेल."

"परवा पाठ होती."

"तू काय माझी सेक्रेटरी आहेस?"

"बायको आहे. सेक्रेटरीला पगार असतो."

तो हसला, पण अर्धवटच. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. स्नायू दुखला की माणूस बोटाने जागा दाखवतो, इथे दुखतंय म्हणतो. याने सगळा तळवा छातीच्या मधोमध ठेवला होता, दार लावून धरावं तसा.

"दाबलं की दुखतं?"

"दाबून काही कळत नाही."

"आणि जिना चढलास की?"

"शनिवार होऊ दे. शनिवारनंतर जातो डॉक्टरकडे. आईशप्पथ."

शनिवारी स्पर्धा होती.

तो कुणापाशी काही बोलला नाही, याला कारण होतं. त्याच्या व्यायामशाळेत एक रीत होती. ती सरांनी पाडलेली. सर म्हणजे तिथले मालक, शिक्षक, सगळंच. वीस वर्षांपूर्वी त्यांनी गंमत म्हणून सुरू केलं: व्यायाम करताना जो 'दुखतंय' म्हणेल, त्याने शेवटी सगळ्यांची वजनं उचलून जागेवर लावायची. बाकीच्यांनी बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. पहिल्या वर्षी एक-दोघांनी उचलली. त्यानंतर तो शब्दच कुणी उच्चारला नाही. एकाने पायाचं बोट मोडलेलं असताना पंधरा दिवस व्यायाम केला. दुसऱ्याचा खांदा निखळला, तेव्हा त्याने घरी जाऊन दार लावल्यावरच तोंड उघडलं. सुईची गोष्टही तशीच. स्नायू फुगवणाऱ्या इंजेक्शनांच्या, सरांनी ठरवून दिलेल्या 'कोर्स'बद्दल सगळ्यांना ठाऊक, बोलायचं कुणी नाही. पडलेल्या मुलाला उचलताना आपण काय म्हणतो? काही नाही झालं, मुलगा ना तू. तो मुलगा मोठा होऊन अशाच एखाद्या बाकावर येऊन बसतो.

शनिवारी तिने दुकानातून सुट्टी घेतली. स्टेजवर जाण्याआधी अंगाला गडद तपकिरी रंग फासावा लागतो, म्हणजे दिव्यांखाली स्नायू उठून दिसतात. पाठीला स्वतःचा हात पोचत नाही, म्हणून तिला बोलावणं असायचं. वर्षभरात त्याच्या अंगाला तिचा हात इतका वेळ फक्त याच दिवशी लागायचा. स्पंज बुडवून ती खांद्यापासून कंबरेपर्यंत सावकाश ओढायची. घाई कधीच करायची नाही.

सभागृहामागच्या त्या खोलीत दहा-बारा जण होते, सगळे एकाच रंगात बुडवून काढलेले. कातडी घट्ट दिसावी म्हणून कुणीच कालपासून पाणी प्यायलं नव्हतं. शिवाय अंगातलं पाणी काढणारी गोळी. त्यांचे ओठ फुटले होते, कातडी कागदासारखी कोरडी पडली होती. तिने नवऱ्याची पाठ संपवली, त्याला वळवलं, आणि तिचा स्पंज हवेतच राहिला.

त्याच्या कपाळावरून रंग ओघळत होता. छातीवरही. तपकिरी रंगातून फिकट रेघा खाली उतरत होत्या, आणि त्या रेघांमधून दिसणारी त्याची खरी कातडी राखेसारखी होती. तिने त्याचा हात धरला. हात थंडगार आणि ओला. खोलीत गारवा होता. बाकी कुणालाही घाम आला नव्हता. कालपासून ज्याने पाणी प्यायलं नाही, त्याला एवढा घाम फुटावा कसा?

"कुठे दुखतंय?"

त्याने मान हलवली. जबडा घट्ट मिटलेला. डावा हात दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा त्याने पोटाशी धरला होता.

"सर, याला बघा जरा."

सर आले. त्यांनी खांबाच्या पाठीवर थाप मारली. "टेन्शन आहे, वहिनी. स्टेजवर गेला की मोकळा होईल. साखरेचा खडा द्या तोंडात आणि रंग नीट करा पुन्हा."

"त्याला बरं नाहीये."

"इथे कुणाला बरं आहे?" बाकावरून कुणी तरी म्हणालं, आणि दोघं-तिघं कोरड्या घशांनी हसले. "काय खांबा, वजनं उचलणार का आज?"

नवरा तिच्याकडे पाहत होता. त्या नजरेत विनवणी होती. पण काय विनवतोय ते तिला कळेना. गप्प राहा, म्हणत होता? की बोल एकदाचं, म्हणत होता? इतक्या वर्षांत त्याची नजर वाचायची सवयच सुटली होती. तिने स्पंज बादलीत टाकला.

"दुखतंय," ती म्हणाली. आवाज खोलीच्या मानाने फारच मोठा निघाला. "याला दुखतंय. सर, किती वजनं उचलायची ती सांगा, सगळी मी उचलते. पण आधी गाडी बोलवा."

सर पुढे आले.

"वहिनी, नंबर लागलाय त्याचा. दहा मिनिटांचा प्रश्न आहे."

"दहा मिनिटांनी काय होईल ते तुम्हाला माहीत आहे का?"

सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मलाही नाही. म्हणून नेतेय."

तेव्हा नवरा खाली बसला. बसला म्हणजे गुडघेच गेले. जमिनीकडे बघत तो अगदी हळू, जवळजवळ लाजून म्हणाला, "दुखतंय गं. फार दुखतंय."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी त्याच्या छातीला तारांच्या चकत्या लावायला घेतल्या, तर त्या चिकटेनात. रंगावरून सुटून खाली पडत होत्या. नर्सने स्पिरिटचे बोळे घेऊन छाती खरवडली. चादर तपकिरी झाली. ओठ निळे पडलेत का पाहायचं, तर ओठांवर रंग. नखं पाहायची, तर नखांतही रंग. शेवटी एका बोटाचं नख त्यांनी घासून घासून उघडं केलं. कागदाची पट्टी मशीनमधून सरकत आली तेव्हा त्या फक्त "हं" म्हणाल्या आणि दुसऱ्या डॉक्टरांना हाक मारली.

"काय काय घेतो हा?" त्यांनी विचारलं.

सर दारात उभे होते. "प्रोटीन," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

"पाच बाटल्या," ती म्हणाली. "इंजेक्शनच्या. आणि दोन प्रकारच्या गोळ्या. आज पाणी काढायची तिसरी. बाटल्यांवरची नावं मला वाचता येत नाहीत, पण डबा मी मागवून घेते."

तिने दाराकडे पाहिलं नाही. थोड्या वेळाने तिथे कुणी नव्हतं.

हृदयाची एक रक्तवाहिनी बंद झाली होती. ती उघडली गेली. हे सगळं काचेच्या दारापलीकडे झालं. ती बाकावर बसून होती. बोटांच्या पेरांत तपकिरी रंग. संध्याकाळी डॉक्टरबाई शेजारी येऊन बसल्या.

"ही औषधं रक्त दाट करतात, वाईट चरबी वाढवतात, रक्तदाब चढवतात. हृदयही स्नायूच आहे, तेही जाड होतं. पण हृदय फुगलं की त्याची ताकद वाढत नाही, आतली जागा कमी होते. धाप, जबडा, झोपताना कोंडणं, हे सगळं आधी झालं असेल ना?"

"झालं."

"कुणाला सांगितलं?"

"दातांच्या डॉक्टरला," ती म्हणाली. "दातांपुरतं."

तो वाचला. हृदयाचा थोडा भाग मात्र कायमचा गेला. घरी आल्यावर तो लिफ्टनेच वर आला. दुसऱ्या मजल्याजवळ त्याने नजर खाली घातली. पुढच्या महिन्यांत त्याचं अंग उतरत गेलं, आधी खांदे, मग दंड. शर्ट सैल झाले, ती एकेक करून आत घेत गेली. व्यायामशाळेतून भेटायला कुणी आलं नाही. एकाने फोनवर पिळदार दंडाचं चित्र पाठवलं, खाली काहीच लिहिलं नव्हतं. तो ते चित्र बराच वेळ बघत बसला. आता तो टेबलाशी बसून जेवायचा, तिच्या समोर. पण काय बोलायचं असतं ते दोघांनाही आठवत नव्हतं. एके दिवशी ती गिऱ्हाइकाच्या उलट्या शिवलेल्या खिशाची गोष्ट सांगू लागली. त्याने घास हातात धरून ती शेवटपर्यंत ऐकली.

"मग काय केलंस त्या खिशाचं?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरबाईंना विचारून रक्तदाब मोजायचं मशीन घेतलं. दंडाला गुंडाळायचा पट्टा सर्वांत रुंद घ्यायला त्यांनी बजावलं होतं. जाड दंडाला अरुंद पट्टा बांधला तर आकडा खोटा, जास्तीचा येतो. मशीन घेऊन ती भर दुपारी व्यायामशाळेत गेली. त्या वेळी तिथे कुणी नसतं, हे तिला नवऱ्याने सांगितलं होतं. आधी सरांशी एकटीने बोलायचं होतं. हे मशीन दाराशी ठेवा, आत येईल त्याचं आधी मोजा, नाही म्हणालात तर मी फाटकाबाहेर टेबल टाकून बसेन, असं सगळं ती वाटेत मनाशी घोकत आली होती.

सर वजनं उचलत होते. व्यायाम म्हणून नव्हे. सकाळच्या पोरांनी जिथल्या तिथे सोडलेल्या लोखंडी चकत्या एकेक करून ते मांडणीवर लावत होते. दोन लावल्या की थांबायचे, मांडणीला धरून उभे राहायचे. बाक रिकामे होते.

"कुणी म्हणालं का आज?" तिने दारातून विचारलं. "दुखतंय असं?"

ते दचकले. मग मान हलवली. "नाही. पोरं कुठे म्हणतात."

"मग तुम्ही का उचलताय?"

त्यांनी हातातली चकती खाली ठेवली. कपाळावर घाम होता. उजवा तळवा सावकाश छातीच्या मधोमध गेला, आणि ती बघतेय हे लक्षात येताच खाली आला.

येताना घोकलेलं ती काहीच बोलली नाही. बाकावर मशीन मांडलं. गळ्यातली टेप काढून त्यांच्या दंडाचं माप घेतलं, अठरा इंच, आणि पट्टा रुंदच हवा याची खात्री केली. बाही वर सारली. पट्टा गुंडाळला.

"वहिनी, तुमच्या घरचं—"

"बोलू नका. मोजताना बोलायचं नसतं. पाय जमिनीला टेकवा. हात सैल सोडा."

पट्टा फुगत गेला, आवळला, मग हळूहळू सुटला. पाच मिनिटं थांबून तिने पुन्हा एकदा मोजलं.

वरचा आकडा एकशे शहाण्णव. खालचा एकशे अठरा.