सुटलेलं शून्य

मार्तंडराव हैदराबादच्या वेधशाळेत नोकरीला होते. काचेवर घेतलेले आकाशाचे फोटो सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि एकेका ताऱ्याची जागा मोजून लिहायची, असं बारा वर्षं चाललं. ध्यास मात्र वेगळाच होता: सूर्याभोवती ग्रह आले कसे? तेव्हा पुष्कळ विद्वान मानत, की एक तारा सूर्याजवळून गेला, त्यानं सूर्यातला वायू ओढून काढला आणि तो निवून ग्रह झाले. मार्तंडरावांनाही ते पटलेलं होतं. गणितानं तेच पक्कं करायला ते बसले होते.

१९३७ साली त्यांचे डोळे बिघडले. डॉक्टरांनी सहा महिने लिहिणं-वाचणं बंद केलं. रजा काढून ते जालन्याला घरी आले आणि दिवसभर गप्प बसून राहू लागले.

पत्नी उमा मराठी चौथी शिकलेली. तिनं आठवडाभर हे पाहिलं. मग एका सकाळी त्यांच्या वह्या पुढ्यात घेऊन बसली आणि म्हणाली, "तुम्ही सांगत जा, मी मांडते." इंग्रजी आकडे आणि मोठे गुणाकार सोपे करणारी लॉगरिदमची कोष्टकं बघायला ती चार दिवसांत शिकली. जेवणं आटोपली की रोज दुपारी दोघं बसत. तिनं जुनी पानंही पहिल्यापासून तपासायला घेतली.

चौथ्या महिन्यात तिनं पेन्सिल खाली ठेवली.

"हे बराबर न्हाई. इथं तुमचं एक शून्य सुटून गेलंय."

त्यांनी तिच्याकडून तीनदा ते गणित करून घेतलं. शून्य खरंच सुटलं होतं. ते धरल्यावर उत्तर उलटं आलं. इतका तापलेला वायू निवायच्या आधीच विखरून जात होता. त्यातून ग्रह होणं शक्यच नव्हतं.

दोन दिवस मार्तंडराव नीट जेवले नाहीत. आपण उगाच बोललो, असं उमाला वाटलं आणि ती तसं म्हणालीही.

"उगाच कसं?" ते म्हणाले. "हे असंच छापलं असतं तर जन्मभर खोटं माझ्या नावावर राह्यलं असतं. तू वाचवलंस मला."

डोळे सुधारल्यावर त्यांनी निबंध नव्यानं लिहिला. आधी आपण काय मानत होतो, तेही लपवलं नाही. निबंध एका इंग्रजी नियतकालिकाच्या अंकात छापून आला. पुढे परदेशातून एका संशोधकाचं पत्र आलं. त्यालाही स्वतंत्रपणे हेच उत्तर मिळालं होतं.

निबंधाच्या शेवटी आभाराची एकच ओळ होती. उमाला इंग्रजी येत नव्हतं. मार्तंडरावांनी तिच्या नावाखाली बोट ठेवून ती ओळ मराठीत सांगितली. पुढच्या रविवारी तो अंक पिशवीत घालून ती बदनापूरला आईकडे गेली.