अंगाएवढी ऊब

माझ्या पोराला, रविराजला, ज्या जंतूंनी खाल्लं ते मरताना मला डोळ्यांनी बघायचे होते. म्हणून तर चांदवडहून सकाळच्या एसटीनं नाशिकला आले. धाकटी लेक निकिता तिथं कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकते. कांदाचाळीचा पत्रा लागून रविराजचा पाय चिरला, त्यात हे शिरले, आन् डॉक्टरांनी हात टेकले. एक औषध लागू पडंना. मेले औषधाला सरावलेले! पोरीनं डॉक्टरांना विचारून त्याच्या जखमेतले तेच जंतू तपासायला आणले होते.

निकितानं झाकण लावलेली काचेची बशी उजेडात धरली. आत सगळीकडं त्या जंतूंची पिवळट साय. दवाखान्यातल्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या तिच्यात बुडून गेलेल्या. एकाच टिकलीभोवती स्वच्छ गोल होता.

"ही कशाची गं?"

"गवती चहाचं तेल, आई. तिथं एकही वाचला नाही."

बरं झालं, मेले एकदाचे! असं म्हणायला तोंड उघडलं आन् रडूच फुटलं. आमच्या न्हाणीमागं गवती चहा नुसता माजलाय. रोज चहात टाकते मी.

"अगं, मग भावाला का नाय दिलंस? बघत बसलीस व्हय?"

"काचेत मरतात गं. रक्तात तेल सोडलं तर माणूसच जाईल. तसं औषध अजून बनलेलं नाही." तिचा आवाज चिरकला. "मला काय वाटत नसेल का? माझा दादा होता तो."

मग तिनं दुसरी बशी उचलली आन् कपाटासारख्या एका पेटीत ठेवायला लागली. या बशीत गोल नव्हता. सगळे जिवंत!

माझं टाळकंच सरकलं. "जाळ ती! भावाच्या जिवावर उठलेले पोसतेस?"

"पोसावेच लागतात. नाहीतर पुढचं तेल कशावर तपासू? माणसाच्या अंगाएवढी ऊब द्यावी लागते त्यांना."

"कुणाच्या अंगाएवढी?"

तिनं बशी आत सरकवली.

पेटीला आत काचेचं दार होतं, ते तिनं लोटलं. मी त्याला तळहात लावला. कोमट लागलं. दवाखान्यातून आणला तेव्हा रविराज गार पडला होता. किती तळपाय चोळले त्याचे, ऊब आलीच नाय. शिव्या ओठावर होत्या माझ्या, पण हात काही निघंना.

"आई, बाहेरचं दार लावू दे. गार पडतील."

"लाव बाई," म्हणलं. "गार नको पडू देऊस."