गेनूची दुसरी ओळ

सिनेमाचं नवं गाणं उचलायचं असलं की आमचा बँड भोरच्या थेटराच्या मागच्या भिंतीला कान लावून उभा राहायचा. पहिली ओळ सोपानची, म्हणजे माझ्या मालकांची. दुसरी गेनूची, तिसरी ज्ञानूची. भिमा ढोलवाला, त्यानं फक्त ठेका धरायचा. आपापली ओळ तोंडात घोळवत घरी यायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही आणि आमच्या अंगणात ओळीला ओळ जोडायची. मालक ट्रम्पेट वाजवत, गेनू क्लॅरिनेट आणि ज्ञानू सॅक्सोफोन. सूर लिहायला कुणालाच येत नव्हते, पण गाणं उभं राहायचं.

चौऱ्याहत्तर साली जयंतीच्या तोंडावर कमिटीचे साहेबराव आमच्या दारात आले. चहा घेतला आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "सोपाना, औंदा मिरवणुकीला नसरापूरचा बँड सांगावा म्हंतो. तुमी तीच ती वरातीची गाणी वाजवता. लोकं कटाळली."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबासाहेबांच्या जयंतीला आमच्याच वस्तीत परका बँड पुढं, आणि आमची माणसं हात चोळत मागं? मी म्हटलं, "मामा, रविवारपतूर थांबा. हितं कुणी ऐकलं नसंल असं वाजवून दावू. मग काय ते ठरवा."

साहेबराव मान हलवून गेले. मालक माझ्याकडे बघतच राहिले. माझ्या डोक्यात मात्र शनिवारचा रेडिओ होता.

भाटघर धरणावरच्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याचा जुना रेडिओ आमच्याकडे आला होता. शनिवारी दिवेलागणीला काटा एका परदेशी स्टेशनावर नेला की एक माणूस इंग्रजीत बोलायचा आणि अमेरिकेतल्या काळ्या लोकांची जुनी गाणी लावायचा. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. अर्धं कळायचं, अर्धं निसटायचं. एकदा तो म्हणाला, की पूर्वी या लोकांच्या तबकड्या वेगळ्या काढत, वेगळ्या विकत, गोऱ्यांच्या तबकड्यांत मिसळू देत नसत. हे मी मालकांना सांगितलं. "म्हंजी कपबशी येगळी," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून आम्ही एकही शनिवार चुकवला नव्हता.

त्या शनिवारी सगळे रेडिओपुढं बसले. भिमाला ओळ नसते, म्हणून एरियलची तार हातात देऊन त्याला कौलांवर चढवला. त्यानं वर बसूनच पायानं ठेका धरला आणि दोन कौलं फोडली. पहिलं गाणं खरखरण्यातच गेलं. दुसरं लागलं ते एका बाईचं. आवाज जाड, दुखावलेला, पण वाकलेला नव्हे. "हेच," मी म्हटलं. मालकांनी पहिली ओळ घेतली आणि कानांत बोटं घालून परसात पळाले. पाठोपाठ गेनू दुसरी घेऊन गेला, मग ज्ञानू तिसरी.

ओळी जोडायला बसलो आणि भांडण पेटलं. मालकांनी आपली ओळ वाजवली. गेनूनं आपली वाजवली. ती तीच होती, हुबेहूब.

"गेनू, ही माझी हाय. तुझी काढ."

"माझी हीच हाय. तूच ज्यादा थांबला असशील."

मी मध्ये पडले. "अवं, तिनं वळच दोनदा म्हटली. म्या ऐकलंय."

हे ऐकून गेनू थंड व्हायचा तर आणखीच भडकला. "म्हंजी म्या सोपानची उष्टी वळ वाजवायची? छप्पन साली माझ्या बापानं उष्टं सोडलंय, वैनी. दुसरी वळ असंल तर वाजवीन, न्हाईतर न्हाई." क्लॅरिनेट तिथंच ठेवून तो निघून गेला.

त्याला हट्टी म्हणायला माझी जीभ रेटेना. त्याचे वडील लग्नात वाजवून झालं की पंगतीचं उरलंसुरलं घेऊन घरी यायचे. ते त्यांनी त्या साली बंद केलं आणि त्यापायी चार गावांच्या सुपाऱ्या घालवल्या. पण रविवार उजाडत होता आणि क्लॅरिनेटवाला रुसून बसला होता. मी काही झालं तरी साहेबरावांपुढं मान खाली घालणार नव्हते.

सकाळी मी आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई सरूबाई, नाचणी दळायला जात्यावर बसलो. तेवढ्यात गेनू क्लॅरिनेट न्यायला आला. आत्याबाईंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांनी रेडिओवरच्या बाईच्या चालीत ओवी काढली, तिथल्या तिथं जुळवलेली:

"उंबऱ्याभाईर उभी होते, आता घरात बसते..."

सवयीनं मी तीच ओळ धरली. जात्यावर असंच असतं. एकीचा दम संपला की दुसरीनं ओळ उचलायची, तेवढ्यात पहिलीला पुढचं सुचतं. आत्याबाईंना सुचलं:

"भीमाच्या नावानं बाई, ताठ मानेनं हसते."

मग त्यांनी जातं थांबवलं. "गेनू, आता ह्या माझ्या सुनेनं, अंजनानं, माझं उष्टं खाल्लं का रं?"

गेनू दारातच उभा. तिथूनच म्हणाला, "काकी, परत म्हना." आणि खाली बसून त्यानं क्लॅरिनेट तोंडाला लावलं.

संध्याकाळी विहारापुढं सगळी वस्ती जमली. मालकांनी ओळ टाकली, गेनूनं तीच उचलली, जरा खालच्या सुरात, आणि ज्ञानूनं शेवट बांधला. पुढच्या फेऱ्याला आत्याबाईंनी बायकांतून ओवी सुरू केली. त्यानंतर दुसरी ओळ आली की साऱ्याजणी म्हणू लागल्या. मीही म्हणत राहिले.

साहेबरावांनी हात वर केला. "चाल झ्याक हाय. पर तीच वळ दोनदा कशापायी? एकदाच वाजवा, मिरवणूक लवकर पुढं सरंल."

मालक माझ्याकडे बघायला लागले. पण बोलला तो गेनू.

"न्हाई मामा. एकट्याचं कोन ऐकतं? दुसऱ्यानं त्येच म्हटलं की मग ऐकावं लागतं."

साहेबरावांनी टोपी नीट केली. नसरापूरचा विषय पुन्हा निघाला नाही. जयंतीला बाजारपेठेतून जाताना दुसऱ्या ओळीला सगळ्यांत मोठा आणि बेसूर आवाज त्यांचाच होता.