धाकटीचा पासपोर्ट

थोरलीच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावर कुठल्याच डॉक्टरकडे औषध नव्हतं. धाकटी बहीण गुरुवारी विमानात बसून परदेशी जाणार, त्या पाच जणांच्या रॉक बँडला अगदी समोर उभी राहून ऐकणार, आणि थोरली इथे लोकांच्या फॉर्मवर फोटो चिकटवत बसणार. सांगा, दुखणार नाही तर काय होणार?

बँड मुळात थोरलीचा. शाळेत असताना कुणाकडून तरी कॅसेट मागून आणली ती तिने. गायकाला ‘जटाधारी’ आणि ड्रम बडवणाऱ्याला ‘टकलू’ ही नावं ठेवली तीही तिनेच. धाकटी तेव्हा कानांवर उशी दाबून ओरडायची, “आई, हिला ते बंद करायला सांग!” आणि आता? आता ही बया प्रत्येक गाण्याचे शब्द चुकवत घरभर नाचत होती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

खरं तर दोघी जाणार होत्या. बँडचा हा शेवटचा दौरा, पुन्हा काही ते एकत्र यायचे नाहीत. दोन तिकिटं काढली. थोरली व्हिसाचे फॉर्म भरून देणाऱ्या ऑफिसात नोकरीला, तेव्हा दोघींचे फॉर्म तिनेच भरले. समोर बसणाऱ्या प्रत्येकाला ती गेली अकरा वर्षं बजावत आली होती, “पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी हं.” स्वतःच्या पासपोर्टची मुदत मात्र बघायची राहिली. पाच महिने वीस दिवस! अर्ज फेटाळला गेला, आणि नवा पासपोर्ट निघेपर्यंत कार्यक्रम होऊन जाणार होता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

धाकटी म्हणाली, “ताई, मग मीही नाही जात.”

“वेडी आहेस का? तू जा,” थोरली तोंडभर हसून म्हणाली. असं म्हणायचं असतं म्हणून म्हणाली हो. धाकटीने ते लगेच ऐकलं, हाच तर राग होता.

सोमवारी अकराच्या सुमाराला ऑफिसात कुरियरवाला आला. थोरलीने सही करून पाकीट घेतलं, फोडलं, धाकटीच्या पासपोर्टातला व्हिसा बघितला. वर तिचा हसरा फोटो. थोरलीने पाकीट आपल्या ड्रॉवरमध्ये तळाशी सरकवलं आणि त्यावर स्टेपलरच्या पिनांचा डबा ठेवला. संध्याकाळी देऊ, ती मनाशी म्हणाली.

संध्याकाळी घरी पोचते तर धाकटी आरशासमोर काळा टी-शर्ट घालून उभी. थोरलीचा टी-शर्ट! “हा मी नेऊ ना गं? तुला आता कशाला लागणार?”

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. “ने की,” ती म्हणाली.

जेवताना धाकटीने विचारलं, “पासपोर्ट आला का गं?” आणि थोरलीच्या तोंडून निघून गेलं, “नाही बाई.”

एकदा नाही म्हटलं की दुसऱ्यांदा सोपं जातं. मंगळवारीही नाही. आई म्हणाली, “अगं, जरा फोन करून विचार त्यांना.” थोरलीने फोन कानाला लावला आणि पलीकडे कुणीच नसताना तावातावाने भांडली. भांडण इतकं झकास वठलं की आईने तिची पाठ थोपटली. धाकटीने मात्र बॅग भरायची थांबवली.

बुधवारी दुपारी धाकटी ऑफिसात आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान.

“ताई, नाहीच आला तर राहू दे,” धाकटी म्हणाली. “आपण दोघी घरी बसू.”

तिने रडारड केली असती, आदळआपट केली असती, तर थोरली बधली नसती. पण इतक्या साध्या आवाजात कुणी बोललं की माणसाने करायचं काय? थोरलीने हिसका देऊन ड्रॉवर ओढला. डबा उलटला, पिना जमिनीवर सांडल्या. पाकीट तिने टेबलावर आपटलं.

“हा घे. आत्ताच आलाय.”

धाकटीने पाकीट उघडूनही बघितलं नाही. “सोमवारी आलाय. मला कुरियरचा मेसेज आला ना. सही कुणी केली तेही होतं त्यात.”

“तुला कसा मेसेज येईल?”

“फॉर्मवर माझाच नंबर लिहिलायस तू.”

अकरा वर्षं ज्या रकान्यात ती लोकांचे नंबर लिहीत आली, तो रकानाच ती साफ विसरली होती. तिची कानशिलं तापली. “मग तोंड शिवलं होतं का तुझं? तेव्हाच का नाही बोललीस?” चोर तो चोर, वर शिरजोर!

“बोलले असते तर तू दिला असतास. पण मग पुढे आयुष्यभर माझ्याकडे बघायला लाजली असतीस. म्हटलं, तुझी तू दे.”

“आणि दिलाच नसता तर?”

“नसते गेले. विचारलंही नसतं कधी.”

समोर बसलेल्या चार माणसांच्या देखत थोरली मोठ्याने म्हणाली, “मी जळतेय गं. भयंकर जळतेय. तिकडून फोन करू नकोस, गाणी ऐकवू नकोस. मला सोसणार नाही.”

“नाही करत,” धाकटी म्हणाली. तिने ताईच्या गालाला हात लावला आणि ती बॅग भरायला घरी गेली.

थोरली वाकून पिना वेचायला लागली. धाकटीच्या जागी ती असती तर सोमवारीच इथे येऊन बहिणीच्या झिंज्या उपटल्या असत्या. तीन दिवस गप्प बसणं तिला बापजन्मी जमलं नसतं. तिकिटाचा हेवा महिन्या-दोन महिन्यांत विरून गेला असता. आता तिला धाकटीच्या मनाचा हेवा वाटत होता, आणि तो जन्मभर पुरणार होता.