चिकटलेला कागद

"वर्षा, जळका वास येतोय गं!" फळी दाबून धरलेली रत्नव्वा वरडली.

"येऊ दे आत्ती. मिशीन हाय, वास यायचाच की!" म्हणत सुनेनं ड्रिलचा खटका आणखी दाबला.

आता ह्या बाईला कोण सांगणार! मोटरीच्या खोपीतनं वायर ओढून दोघी सासवा-सुना सकाळधरनं बांधावर बसलेल्या. मिरचीच्या बेडवर, म्हंजे उंच वाफ्यावर, तण दाबायला अंथरायचा प्लास्टिकचा मल्चिंग कागद. रोपाला एक असं गोल भोक पाडत बसलं तर आठवडा जायचा. म्हणून वर्षाराणीनं कागदाच्या पट्ट्या कापल्या, निम्म्या रानाच्या पट्ट्यांची एक थप्पी घडी घालून दोन फळ्यांत आवळली आणि वेल्डिंगवाल्याकडनं मागून आणलेल्या ड्रिलला गोल दात्यांचा कटर लावला. एका दणक्यात सगळ्या थरांना आरपार भोक. तेबी फुल्ल स्पीडवर.

घाईला कारण होतं. नवरा शशिधर गेल्याला साल उलटलेलं. थोरला दीर विरूपाक्ष म्हणत होता, "एकट्या बाईला रान झेपत न्हाय. ऊस लावतो. तू घरात बस, जेवायला कमी पडू देणार न्हाय." वर्षाराणी पेटून उठली. शशिधरच्या मागं तिच्याजवळ ह्या रानाशिवाय होतं काय? शेवटी रत्नव्वानंच मधे पडून ठरवलं : मंगळवारच्या दिवेलागणीपतोर रोपं लागली तर औंदा रान सुनेचं, न्हाय लागली तर बुधवारी विरूपाक्षनं ट्रॅक्टरचा रोटर घालून रान मोडावं. नर्सरीवाल्यानं रोपं दिली सोमवारी सांजच्याला. आज मंगळवार, आणि विरूपाक्ष खुशाल वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेलेला.

फळ्या सोडल्या. वर्षाराणी पहिली पट्टी उचलायला गेली तर अख्खी थप्पी वर आली.

"आगं बाई, ह्ये काय झालं?" रत्नव्वानं डोळे बारीक केले.

कटर तापला होता. तापलेल्या कटरनं प्लास्टिक कापायच्या ऐवजी वितळवलं होतं आणि दर भोकाच्या कडंला सगळे थर एकमेकांत चिकटून गेले होते. वर्षाराणीनं जोरानं ओढलं. टर्रकन भोकापासनं भोकापतोर चीर गेली. दुसरी पट्टी ओढली, तीबी तशीच फाटली.

ती मटकन खाली बसली. "गेलं आत्ती. सगळं माझ्या हातानं घालवलं. रोपाऐवजी मलाच पुरा आता ह्या रानात!"

"रडायचं आसंल तर रातच्याला रड," सासू म्हणाली. "दुसऱ्या निम्म्याच्या पट्ट्या कोऱ्या हाईत न्हवं?"

उन्हानं पोयट्याची ढेकळं चटका देत होती. ट्रेमधली रोपं माना टाकायला लागली होती. वर्षाराणीनं डोळं पुसलं आणि दुसरी थप्पी फळ्यांत आवळली. आता खटका अलगद, कटर हळूहळू फिरता. एक भोक झालं की ड्रिल बंद, कटर ओल्या फडक्यानं गार, मग पुढचं भोक. पण भोक पडलं ते बांगडीसारखं गोल, कडंला एक धागा न्हाय. पट्टी उचलली तर सुटी आली.

अंथरली, कडंला माती वढली, रोपं लावली. कंबरडं मोडलं. दिवेलागण झाली तेव्हा निम्मं रान उघडंच होतं. उरलेली रोपं ट्रेमध्येच वाळून गेली.

बुधवारी उजाडताच ट्रॅक्टर रानात. विरूपाक्ष बांधावर हुबा राहिला. "निम्मंच? ठरलं काय हुतं अव्वा?"

रत्नव्वा ट्रॅक्टरच्या वाटेतनं बाजूला झाली. ठरवलं तिनंच होतं ना.

रोटरनं उघडं रान भुसभुशीत करून टाकलं. कागदापाशी आल्यावर ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. "मालक, ह्ये प्लास्टिक रोटरात गुंडाळलं तर पाती निघून हातात येतील. आधी कागद काढा."

"वर्षा, काढ त्यो."

"मी लावलाय. मी न्हाय काढणार, भावजी."

विरूपाक्ष तणतणत खाली वाकला. एका भोकात दोन बोटं घालून त्यानं कागद फाडायला हिसका दिला. कागद ताणला, फाटला न्हाय. पुन्हा दिला. गोल कडंला चीर कुठनं सुरू व्हायची! ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. विरूपाक्षच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मर तिकडं!" म्हणाला आणि ट्रॅक्टर घेऊन गेला.

निम्म्या रानावर भागलं म्हणायचं. महिन्याभरात अलीकडं मिरचीला कळी धरली आणि पलीकडं दिराच्या उसाला कोंब फुटला. वर्षाराणी पाणी पाजायला गेली की त्या कोंबांकडं पाठ करून हुबी राहते.