गुरुबंधूचा क्रँक

टेकडीवरच्या शाळेत मुलांना पोहोचवणाऱ्या, मिस्त्रींच्या धाकट्या बहिणीच्या गाडीने चढावरच प्राण सोडला, तेव्हा इंजिनाचा जुना ब्लॉक आणि त्यात फिरणारा मुख्य वाकडा दांडा, म्हणजे क्रँक, निवडायला ते तिला घेऊन आपल्या गुरुबंधूच्या गोदामात आले. या गुरुबंधूला सारे गोडबोल्या म्हणत. दोघांनी एकाच वृद्ध उस्तादांच्या चरणांशी बसून विद्या मिळवली होती. त्या शिष्यपरिवारात एक संकेत कटाक्षाने पाळला जाई : गुरुबंधूने दिलेला क्रँक, भेग आहे का ते पाहायला, टांगून वाजवायचा नाही. तसे करणे म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणे.

ब्लॉक निर्दोष होता. त्याच्या अंगावरचे ओतीव अंक बहिणीच्या गाडीशी जुळत होते. सिलिंडरच्या भिंतीवर बोट कुठे अडखळत नव्हते. क्रँकवर मात्र अंकांच्या जागी ताजी चकाकी होती.

"अंक कुठे गेले?" मिस्त्रींनी विचारले.

"गंज घासताना गेले रे. आता मला तपासणार तू?" गोडबोल्या हसला. "ताई, तुमचा भाऊ म्हातारा झाला बघा. घरच्या माणसावरच डोळे वटारतो!"

मिस्त्री ओशाळले. "बांधून दे" हे शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आले.

"दादा," बहीण म्हणाली, "चढावर हा तुटला, तर मागे बसलेल्या पोरांना काय सांगू? तुम्हा दोघांचा मान राखला म्हणून?"

मिस्त्रींनी तुळईला दोर बांधला, क्रँक उभा टांगला आणि हातोडीने हलका टोला दिला. अभंग लोखंड घंटेसारखे निनादत राहते. हे 'थप्' म्हणाले आणि मुके झाले.

"हवा दमट आहे आज," गोडबोल्या पुटपुटला.

"लोखंडाला सर्दी झाली म्हणतोस?"

त्यांनी क्रँकला तेल चोळले, कोरडे पुसले, वर खडू फासला आणि पुन्हा ठोकले. दांड्याच्या एका वळणाशी, त्या शुभ्र लेपावर, केसाएवढी काळी रेघ हळूहळू उमटली. भेगेत दडलेले तेल बाहेर येत होते.

मिस्त्रींनी घासलेल्या चकाकीवर बोट ठेवले. "बाद मालाच्या अंकांवर फुली ठोकतात, तीच इथे होती. ती पुसायला तू अंक घासलेस! उस्तादांच्या नावाआड लपून, लेकरं बसतात त्या गाडीत हे घालणार होतास?"

"ओरडू नकोस. नको तर ठेव. उद्या दुसरा कोणी येईल. सगळेच काही तुझ्यासारखे वाजवत बसत नाहीत."

हे ऐकताच मिस्त्रींच्या डोक्यात तिडीक गेली. बाकावरचे ग्राइंडर उचलून त्यांनी त्या काळ्या रेघेवरच पाते टेकवले. ठिणग्या उडाल्या आणि कोणत्याही रंगाने झाकली जाणार नाही, कोणत्याही घासणीने पुसली जाणार नाही अशी खोल खाच पडली.

"माझा माल!" गोडबोल्या किंचाळला.

"भंगार आहे. वजनावर तोल, मीच नेतो."

 बहिणीने तोवर पदर खोचला होता. मांडणीवरचा दुसरा क्रँक ओढत आणून तिने तो तुळईखाली ठेवला.

"हा टांग, दादा."